झाडाचं भुंकणं

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रस्त्याच्या कडेला गुलाल अजून आहे. दुसरीचा वर्ग आज पूर्ण भरला, म्हणजे गणपती खरंच संपले.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी (इथे नेहमीप्रमाणे मो. बा.) ऑफिसात बोलावलं. विषय दूर्वाच. जूनपासून माझ्या वर्गात आहे आणि जूनपासून शाळेत एक शब्द बोललेली नाही. लिहिते छान. बेरजा बरोबर. हजेरीला नुसता हात वर. मो. बा. म्हणाल्या, "सहामाहीच्या तोंडी परीक्षेला बोलली तर उत्तम. नाही बोलली तर दिवाळीनंतर आईला सांगायचं, अशा मुलांची वेगळी शाळा असते, तिकडे न्या. आपल्या हातून पोरीचं नुकसान नको."

अशा मुलांची म्हणजे कशा, हे विचारायचं होतं. "हो बाई" म्हणून आले.

१३ सप्टेंबर, शनिवार

शाळा सुटताना दूर्वाची आई भेटली. लालबागला मसाल्याच्या दुकानात कामाला असते, जवळ उभं राहिलं की मिरचीने नाक हुळहुळतं. दूर्वा घरी बोलते का, विचारलं. ती हसायलाच लागली.

"बाई, घराक इला की तोंड बंद होणा नाय तिचा! शेजारी माका विचारतत, रेडिओ केवढ्याक घेतलंस?"

मग हसू गेलं. "हयसर शाळेत काय होता तिका, देवाक म्हायती."

संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत फोन घेऊन बसले. न बोलणारी मुलं, दुसरी इयत्ता, असं काहीबाही टाकत गेले आणि एकातून एक दारं उघडत गेली. कुठले कुठले शिक्षक आपण वर्गात काय केलं ते लिहून, चित्रं काढून, सगळ्यांसाठी फुकट ठेवून देतात. त्यांना मी माहीत नाही, घोडपदेव माहीत नाही. जगभर पाणपोया घातल्यात आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. मी तिथे नव्हतेच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

गोष्टींची साइट. चित्रांची पुस्तकं, मराठीतसुद्धा, पान उलटत मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज. प्रोजेक्टर शाळेत आहे पण वायर मो. बां.च्या कपाटात. ती मिळवली. इंटरनेट माझ्याच फोनवरून.

सगळा वर्ग गोष्टीतल्या हत्तीचं वाक्य ओरडत होता. दूर्वा नुसती बघत होती, पण अशी बघत होती की...

दुसऱ्या एका साइटवरून बोटावर घालायच्या कागदी बाहुल्या छापून आणल्या होत्या. तिथे लिहिलं होतं, लाजरं मूल बाहुलीच्या आडून बोलतं. दूर्वाने बाहुली घातली, प्रेमाने केस विंचरल्यासारखं केलं. बाहुलीही गप्प.

वेदांत म्हणाला, "बाई, हिची बाहुली पण हिच्यासारखीच!" सगळे हसले. दूर्वाही हसली. आवाज न करता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा दिवस विसरायचा नाही.

आकाश दाखवणारी साइट सापडली होती. गाव निवडायचं, वेळ निवडायची, की त्या वेळचं तिथलं आकाश. पण वर्गात अंधार कुठून आणायचा? बाबा हिंदमाताला साडीच्या दुकानात आहेत. त्यांनी शेठना विचारून काळं अस्तर आणलं, उरलेला तागा. "तारे परत करायचे, कापड ठेवलंस तरी चालेल," म्हणाले.

खिडक्या झाकल्या. मुलांना फरशीवर आडवं झोपवलं, प्रोजेक्टर छताकडे केला. आमचं छत ओल आलेलं, पोपडे सुटलेलं. त्यावर तारे आले आणि पोपडेसुद्धा ढग वाटायला लागले. मी वेळ पुढे सरकवली, आकाश हळूहळू फिरायला लागलं. कुणीतरी कुजबुजलं, "बाई, शाळा फिरतेय."

चाळीतून आम्हाला आकाशाची एक पट्टी दिसते, दोन छपरांमधली. मी तेवढ्यालाच आकाश समजत मोठी झाले. हे एवढं सगळं आमच्या डोक्यावर होतं.

दूर्वाचं तोंड किंचित उघडलं होतं. ओठांवर शब्द येतोय असं दिसत होतं. आणि घंटा झाली.

२० सप्टेंबर, शनिवार

स्वप्न पडलं. वर्गाच्या भिंती अस्तराच्या, वाऱ्याने हलणाऱ्या. दूर्वा फळ्यासमोर उभी राहून बोलतेय, मुलं मान डोलवतायत, आणि मलाच काही ऐकू येत नाही. मी म्हणतेय मोठ्याने बोल, मोठ्याने बोल.

जाग आल्यावर वाटलं, असं मी तिला रोजच म्हणते की.

२४ सप्टेंबर, बुधवार

परदेशातल्या एका शिक्षिकेचा उपक्रम आवडला. झाडाला कागद लावायचा, वर रंगखडू आडवा धरून घासायचा, खोडाची नक्षी कागदावर उमटते. बोलावं लागत नाही, म्हणून दूर्वासाठी बरा. आपल्या आवारात बदामाचं झाड आहेच.

सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी म्हणजे चाचपडत जिना उतरणं. भाषांतराचं बटण दाबलं, झटकन मराठी आलं, मला इतका आनंद झाला की नीट वाचलंच नाही. झेरॉक्स काढल्या. पालकांच्या ग्रुपवरही टाकलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

लिहायला नको वाटतंय.

छापलं गेलं ते असं: "झाडाच्या भुंकण्यावर कागद ठेवा व हळुवार घासा."

इंग्रजीत सालीला आणि भुंकण्याला एकच शब्द आहे म्हणे. मला माहीत नव्हतं. बटणालाही नव्हतं.

ग्रुपवर सकाळपासून, "बाई, झाड चावत नाही ना?" "पट्टा कुठला बांधायचा?" ते ठीक. मग एका वडिलांनी लिहिलं, "मराठी शाळेतल्या बाईंनाच मराठी येत नसेल तर आम्ही मुलं इथे का ठेवायची?" त्याला बरेच अंगठे आले. मो. बा. एवढंच म्हणाल्या, "वाचून देत जा गं." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमच्या घरात पदवीचा फोटो माझाच पहिला. आई रोज पुसते. आज ती पुसत असताना मी तिकडे बघितलं नाही.

बाबांना सांगितलं. दुकानात नवरात्राची गर्दी, पाय सुजून आले होते. म्हणाले, "मी रोज गिऱ्हाइकाला पन्नास नको त्या साड्या दाखवतो. त्यातच बोट ठेवतात एखादीवर. तू उद्या शाळेत जा."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गेले. नवीन कागद हाताने लिहून नेला होता, "साल" असं ठळक. मुलांना तो नको होता. त्यांना एकच विचारायचं होतं, "बाई, झाड कधी भुंकतं?"

मी चूक झाली म्हणून सांगणार होते. सांगितलं नाही. म्हटलं, चला, ऐकू या.

सगळा वर्ग बदामाभोवती. खोडाला कान लावून, डोळे मिटून. "बाई, गुरगुरतंय!" "गप रे, तुझं पोट आहे ते." रस्त्यावरून बस गेली की खोड खरंच थरथरतं, मला कधी कळलंच नव्हतं. मीही कान लावला. आत काहीतरी लांबचं, समुद्रासारखं.

मग मुलं कागद घासायला पांगली. दूर्वा झाडापाशीच राहिली. मी तिच्याकडे निघाले तशी तिने खोडावर दोनदा थोपटलं, आणि अगदी हळू, झाडाला,

"भुंकू नको. आपली बाई आसा."

मी जागच्या जागी थांबले. बारीकसा, थोडा घोगरा आवाज. घरचाच, गावच्या खळ्यातला. तिने मला पाहिलं, ओठ मिटले.

कुणाला हाक मारली नाही, फोन काढला नाही. काही ऐकलं नसल्यासारखं करून कागद धरला आणि ती घासत राहिली.

२९ सप्टेंबर, सोमवार

मो. बां.ना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "तू ऐकलंस, मान्य. पण झाडाशी बोलली ना? परीक्षा झाड घेत नाही."

"मग तिची तोंडी झाडाखाली घेऊ या का?"

"झाडाखाली! आणि उद्या गणित कुठे, पाण्याच्या टाकीवर?"

दारापर्यंत आले तेव्हा मागून म्हणाल्या, "बघते." मो. बां.चं बघते म्हणजे नाही नव्हे. हो पण नव्हे.

५ ऑक्टोबर, रविवार

त्या परदेशी साइटवर आपला उपक्रमही देता येतो. आज दिला. मराठीत, स्वतः लिहून, प्रत्येक शब्द आईला मोठ्याने वाचून दाखवून. शीर्षक "झाड भुंकतं का?" पुढे लिहिलंय, आधी कान लावा, कागद नंतर. कारण विचारलं होतं, तिथे "मुलांना विचारा" असं लिहिलं. तपासून प्रसिद्ध करू, असं उत्तर आलं.

कुणी घेईल? चंद्रपूरला, नाशिकला, एखाद्या वर्गात शेवटच्या बाकावर कुणी गप्प बसलेलं असेल. गॅलरीतून दोन छपरांमधली पट्टी बघत राहिले. आज तिच्यात एक तारा होता. आकाशाच्या साइटवर त्याचं नाव शोधणार होते, मग राहू दिलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज तोंडी. सगळ्यांची वर्गात झाली. दूर्वाच्या वेळी मो. बा. उठल्या, गुणपत्रक काखेत मारलं आणि म्हणाल्या, "चला, कुठेय ते झाड?"

दूर्वा खोडाला टेकून. मी चार पावलं मागे. मो. बां.नी नाव विचारलं. नाही. आवडता पक्षी. नाही. कविता. नाही. मला डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते. मग मो. बां.नी, आयुष्यात पहिल्यांदाच असावं, पदर सावरून खोडाला कान लावला. बराच वेळ. दूर्वा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिचा हात वर आला, खोडावर टेकला, पण थोपटलं नाही.

मो. बां.नी रकान्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मला म्हणाल्या, "शाईने दिवाळीनंतर. तोवर बघू." आणि जिन्याकडे वळल्या.

त्या दिसेनाशा झाल्यावर माझी ओढणी ओढली गेली. दूर्वा. झाडाकडे नाही, माझ्याकडे बघून, त्याच घोगऱ्या आवाजात,

"ही बाई आपली आसा?"

मलाही माहीत नव्हतं. म्हटलं, "तूच विचार तिला. दिवाळीनंतर."

तिने जिन्याकडे पाहिलं. मग झाडाकडे. विचार करत होती.