संयूच्या गळ्यातले आवाज

जयनगर, बेंगळुरू
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय वसुमती अक्का,

तुला आणि भावोजींना नमस्कार. धारवाडला थंडी पडली असेल. भावोजींची शुगर आटोक्यात आहे ना? इथे बसवनगुडीत कडलेकाई परिषे, ती शेंगांची जत्रा, भरली आहे. आम्ही गेलो नाही, पण गिरीराजने येताना उकडलेल्या शेंगा आणल्या. त्याची होसकोट्याची फॅक्टरी तशीच चालू आहे, सकाळी साडेसहाला बस गाठतो. माझं ऑफिस अजून घरूनच. संयूचा वरचा एक दात पडला.

तू फोन घेत नाहीस, म्हणून लिहितेय. तक्रार नाही. सात महिन्यांत मीही चारदाच केला, आणि दोनदा तर रिंग वाजायच्या आत ठेवून दिला.

संयूच्या थेरपीचं तुला कळवायचं राहिलं आहे. मधे बरंच घडलं.

जानेवारीत तिला जे. पी. नगरच्या त्या सेंटरमध्ये घातलं, ते तुला ठाऊक आहे. त्याआधीचे दिवसही तू पाहिलेस. ती एक शब्द बोलत नसे, रस्त्यावर धावत सुटायची, लिफ्टमध्ये किंचाळायची, माझ्या दंडावर तिच्या दातांचे वण असायचे. डॉक्टर सांगायचे, ऑटिझम आहे, बिहेवियर थेरपी लवकर सुरू करा. पण कुठे जागा नाही, कुठे सहा महिने थांबा. अशात हयवदन सर भेटले. सेंटर त्यांचंच. पांढरा शर्ट, हळू बोलणं, बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. म्हणाले, ‘सहा आठवड्यांत मूल एका जागी बसेल, मॅडम.’

पाचव्याच आठवड्यात ती बसली.

अक्का, तेव्हा मला काय वाटलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी चहा गरम असताना प्यायले. जाऊबाईंकडच्या मुंजीला आम्ही तिघं गेलो आणि शेवटपर्यंत थांबलो. लोक म्हणाले, ‘किती शहाणी झाली हो पोर!’ मी पेढे वाटले.

मार्चमधल्या एका रविवारी, सेंटरला सुट्टी असताना, सकाळी दहाच्या ठोक्याला संयूने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत नेली. हॉलच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि चढून बसली. दोन्ही हात मांड्यांखाली घातले. गिरीराज पेपर वाचत होता, मी कोथिंबीर निवडत होते. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग जाड, सावकाश, पुरुषाचा आवाज: ‘कै केळगे.’

आम्ही दोघांनी दाराकडे पाहिलं. मला वाटलं, सर आले. दार बंद होतं.

‘कै केळगे,’ पुन्हा आलं. हात खाली. आवाज संयूच्या गळ्यातून येत होता. ही नक्कल नव्हती, नक्कल करताना मुलाच्या तोंडावर काहीतरी दिसतं. तिचा चेहरा कोरा होता. ती थांबली, जणू समोरचं कुणी हात खाली घेतंय का ते पाहतेय, आणि मग त्याच आवाजात म्हणाली, ‘यारू बरल्ला.’ कोणी येणार नाही. पाऊण तास ती तशी बसली. मग उतरली, खुर्ची जागेवर ठेवली आणि पाणी प्यायली.

मी सरांना विचारलं. ते हसले. ‘ऐकलेलं जसंच्या तसं बोलणं या मुलांमध्ये असतं. म्हणजे तिचं लक्ष आहे, मॅडम. चांगली खूण आहे.’ ऐकलेलं जसंच्या तसं बोलतात, हे खरंच आहे. मी तेवढं अर्धं वाक्य घेऊन घरी आले.

मग उगादीला तू आलीस. ते दोन दिवस सोडून पुढचं लिहिते.

जूनमध्ये सेंटरने वेळ वाढवली. एका बुधवारी माझी मीटिंग रद्द झाली आणि मी तिला घ्यायला दीड तास आधीच पोचले. काउंटरवरची मुलगी गडबडली. ‘स्वल्प बसा मॅडम, सेशन चालू आहे.’ आई-वडिलांसाठी तिथे एक स्क्रीन लावलेला असतो, त्यावर मोठी खोली दिसते. टेबलाभोवती चार मुलं ठोकळे लावत होती. संयू त्यांत नव्हती.

मी उठून मागच्या बोळात गेले. त्या बाजूला कधी कुणी जात नसे. तिथे एक दार होतं आणि त्याची कडी बाहेरून लावलेली होती. आतून काही आवाज नव्हता, म्हणूनच मी कडी काढली, अक्का. आत कुणी रडत असतं तर कदाचित धीर झाला नसता.

एका कपाटाएवढी खोली. खिडकी नाही, दिवा चालू. मधोमध खुर्ची, भिंतीकडे तोंड, आणि खुर्चीवर संयू. हात मांड्यांखाली. दार उघडल्याचं तिला कळलं, पण तिने वळून पाहिलं नाही. मी ‘संयू’ म्हटलं. तिने घसा खाकरला आणि सरांच्या आवाजात मला सांगितलं, ‘यारू बरल्ला.’

मी तिला उचललं. तिचे हात मांड्यांखालून निघेनात, लाकडासारखे झाले होते. बोळात सर उभे होते. अजिबात रागावलेले नव्हते. ‘ही शांत होण्याची खोली आहे. दहा मिनिटंच ठेवतो. तुम्ही फॉर्मवर सही केली आहे, मॅडम. आणि रिझल्ट तर तुम्हीच पाहताय ना?’

रिझल्ट मी पाहत होते.

त्या दिवसापासून तिला तिथे पाठवलं नाही. पण आवाज घरी आले होते. ती बाटल्यांची झाकणं ओळीने लावत बसायची आणि मधेच तिच्या गळ्यातून एखादं मूल रडायचं. एक मुलगी नुसतं ‘सॉरी सॉरी सॉरी’ म्हणायची. एक जण दात खायचा. एक मुलगा होता, त्याला हुंदक्याआधी उचकी लागायची, आणि मग तो हाक मारायचा, ‘अम्मा, बा. अम्मा, बा.’ आई, ये. हे सगळं चालू असताना संयूचे डोळे कोरडे आणि हात झाकणांवर. मी पोळ्या लाटत असायचे आणि घरात अनोळखी मुलं रडत असायची.

मी ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि सेंटरच्या पालकांच्या ग्रुपवर टाकलं. विचारलं, हे आवाज कुणाच्या मुलांचे आहेत? तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाईंचा फोन आला. नागरत्ना म्हणून आहेत, बनशंकरीला राहतात.

‘तो उचकीवाला आमचा सुशांत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला हे रेकॉर्डिंग कुठून मिळालं?’

मी म्हटलं, ‘हे सुशांतचं रेकॉर्डिंग नाही. माझी मुलगी आहे ती.’

मग त्या म्हणाल्या, ‘पण सुशांत बोलत नाही हो. नऊ वर्षांचा आहे. त्याने मला कधी अम्मा म्हटलेलं नाही.’

चार दिवसांनी त्या घरी आल्या. संयूसमोर जमिनीवर बसल्या आणि वाट पाहत राहिल्या. साडेतीनच्या सुमारास तो आवाज आला. नागरत्नांनी पदर तोंडात धरला. आपल्या मुलाची पहिली हाक त्यांनी माझ्या मुलीच्या तोंडून ऐकली, तीही कितीतरी आठवडे उशिरा. जाताना त्यांनी विचारलं, ‘मी पुन्हा येऊ का?’ आता दर शनिवारी येतात.

आम्ही दोघींनी बालकल्याण समितीकडे लेखी तक्रार दिली आहे. चौकशी चालू आहे. त्या खोलीची कडी काढली असं ऐकते. सेंटर बंद झालेलं नाही. बाहेर गाड्या उभ्या असतात, मी रिक्षातून जाताना पाहते.

आता संयू जयनगरातच धनलक्ष्मी मॅडमकडे जाते. त्याही बिहेवियर थेरपीच करतात, म्हणून आधी मी त्यांच्या दारातूनच परत फिरले होते. त्या मागून चपला न घालता रस्त्यावर आल्या. म्हणाल्या, ‘तुम्ही खोलीतच बसायचं. रोज. माझ्याकडे आई बाहेर थांबत नाही.’ त्यांच्या खोलीत खुर्चीच नाही. पहिले पंधरा दिवस त्यांनी संयूला काही शिकवलं नाही, तिच्याशेजारी पालथं पडून झाकणं लावली. मी विचारलं, ‘सुरुवात कधी करणार?’ त्या म्हणाल्या, ‘आधी तिला नाही म्हणता आलं पाहिजे. ज्या मुलाला नाही म्हणता येत नाही, त्याला मी काहीही शिकवलं तरी ती जबरदस्तीच.’ संयूने हात झटकले की त्या लगेच थांबायच्या. हात खाली घे असं त्या घरात कुणी म्हणत नाही.

सप्टेंबरमधलं एक सांगायचं आहे. ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे, बाकी सगळं मी आजूबाजूने फिरत लिहिलं.

दुपारचं सेशन होतं. संयू निळी झाकणं एका बाजूला करत होती. अचानक खोलीत माझा आवाज आला. मी तोंड मिटून बसले होते, अक्का. माझा आवाज समोरून आला, मी चिडले की शेवटचा शब्द चावते तसा चावून: ‘तुला मूल नाही अक्का. तुला काय कळणार.’

धनलक्ष्मींना मराठी येत नाही. त्यांनी हसून विचारलं, ‘हा कुणाचा आवाज?’

मी म्हटलं, ‘माझा.’

उगादीच्या दुसऱ्या दिवशी तू स्वयंपाकघरात आलीस आणि म्हणालीस, ‘सौम्या, पोरगी कुणाच्या आवाजात रडतेय? तिकडे काहीतरी वाईट चाललंय. पाठवू नकोस तिला.’ मी तुला ते वाक्य ऐकवलं. तू पुरणाचं पातेलं खाली ठेवलंस, हात धुतलेस आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस. तुझी गेलेली तीन बाळं मी पाहिलेली आहेत, अक्का, त्यांतल्या एकाला मी मांडीवर घेतलं होतं. मला माहीत होतं मी कुठे मारतेय.

आणि हेही लिहिते. तू सांगितलंस तेव्हा मला ते नवीन नव्हतं. मार्चपासून मला ऐकू येत होतं. मला न कळण्यासारखं त्यात काय होतं? पण घर शांत होतं, आणि मला ती शांतता हवी होती. तू गेल्यावर मी तिला आणखी दहा आठवडे तिथे पाठवलं. मीही घरात तिला ‘कै केळगे’ म्हणत होते, सरांनी शिकवलं तसं. तिच्या गळ्यात तो एकच शब्द दोन आवाजांत आहे. गिरीराजला फरक कळत नाही. मला कळतो.

परवा मंगळवारी सकाळी मी तिला स्वेटर घालत होते. एक हात बाहीत गेला होता. कुणीतरी म्हणालं, ‘नको.’

बारीक, घोगरा आवाज, मधेच फाटलेला. मी मागे वळून पाहिलं, शेजारची मुलगी आली असेल म्हणून. कुणी नव्हतं. मी मनातल्या मनात सगळे आवाज आठवून पाहिले. सर नाहीत, सुशांत नाही, सॉरीवाली नाही, मी नाही. खरं सांगते, आधी मला भीतीच वाटली. मग संयूने बाही ओढली, माझ्याकडे, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, ‘नको.’

तो तिचाच होता. सहा वर्षं मी तिची आई आहे आणि मला तो ओळखता आला नाही.

मी स्वेटर काढला. दोघी तशाच जमिनीवर बसलो, ती थंडीत, उघड्या दंडांनी.

माफी मी मुद्दामच इथे लिहिलेली नाही. ती मला तुझ्यासमोर मोठ्याने मागायची आहे, संयू जवळ असताना, म्हणजे तिच्याकडे माझं तेही राहील. तू बोलावलंस तर आम्ही दोघी धारवाडला येऊ. नाही बोलावलंस तर ते मी ऐकेन, आणि या वेळी खरंच ऐकेन.

जिने तुझं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ती तुझी धाकटी,
सौम्या