न पेटवलेल्या पाचटाची आग

सुनील गुरुजींना बेलापूरहून दाजींचा रामराम. तुमची शाळा, नेवाशाची हवा आणि तुमची कंबर, यांपैकी निदान एक तरी बरी असेल अशी आशा आहे. तुमच्या चांगुणाताई मजेत आहेत (म्हणजे माझ्याशी बोलत नाहीत).

आपल्या सृष्टीला धुरानं धाप लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नातीखातर मी ऊस तुटल्यावर मागं राहणारं पाचट जाळायचं सोडलं आणि तुम्ही लिहून दिलेलं भाषण ठोकून अख्ख्या गावाला खंडोबापुढं बेल-भंडारा उचलून तीच शपथ घ्यायला लावली. दोन हंगाम गाव सुतासारखं सरळ वागलं. मग पंचायतीची निवडणूक आली. बांधाशेजारच्या भिमाजीनं पॅनेल काढलं, देवाला पुरणाचा नैवेद्य दाखवून सगळ्यांची शपथ सोडवून घेतली आणि पारावर उभा राहिला. “मोठमोठी राष्ट्रं हवामानाच्या करारातून उठून गेली, आन आमी काडी वढायची न्हाई व्हय? म्हनं दोन हजार सत्तर सालापत्तुर देसाचा धूर शून्यावर आनायचा! सत्तर साली हाय कोन हितं? माजं गुडघं तर आत्ताच गेलं!” टाळ्या पडल्या. (मीही वाजवली. गुडघ्यांबाबत तो खरं बोलतो.)

दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं पाचट पेटवलं. वारं फिरलं आणि आग बांध ओलांडून माझ्याकडं आली. माझ्या सरींत पाचट जाड अंथरलेलं, त्यामुळं तुटल्या उसाच्या बुडख्यांतून आलेले खोडव्याचे कोवळे फुटवे पार होरपळले. गाव गोळा झालं. वाटलं, आता कुणीतरी चुकलं म्हणेल. निकाल असा लागला की, “तुमी येळेवर जाळलं असतं, तर जळलंच नसतं.” सृष्टीला श्रीरामपूरला दवाखान्यात न्यावं लागलं. आता बरी आहे. वाफारा घेताना विचारते, “आबा, देवानं तुमची पन शपथ सोडली का?” गुरुजी, मी थकलो हो.

आपला,
गोरक्षनाथ

ता. क. भिमाजीनं मला त्याच्या पॅनेलमधून उभं राहायला सांगितलंय. गावात सगळ्यात जास्त पाचट माझंच जळलं, म्हणून मान माझा. मी हो म्हणून बसलो. तेव्हा तुमचं ते भाषण तेवढं उलटं करून पाठवा. अभंग आहेत तसेच राहू द्या, ते दोन्हीकडं चालतात.

ता. क. दुसरा. भाषणाच्या शेवटी सृष्टीच्या श्वासाबद्दल एक वाक्य आहे. ते काही केल्या उलटं होत नाही, मी बसून पाहिलं. तुम्हालाही नाही जमलं, तर दाजी उभे राहत नाहीत, असं भिमाजीला फोन करून तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून निघायचं नाही.