बंद करून चालू करा

५ जानेवारी, सोमवार. सकाळी १०.
नोकरी गेल्याला सात महिने झाले. कंपनीने अख्खा विभागच बंद केला, माझा त्यात दोष नाही. काही वाटत नाही. आजपासून नवा श्यामकांत. 'एक्सेल कट्टा' या ऑनलाइन ग्रुपवर लोकांच्या अडचणी सोडवायच्या. दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं, कॉन्फिडन्स वाढतो. रोज दहा उत्तरं. २ फेब्रुवारीला चारकोप इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टेस्ट आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या निलेशने त्याच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकलाय. वय त्रेपन्न. दुसरीकडून एकही फोन नाही.
संकल्प: प्रश्न नीट वाचूनच उत्तर देणे.

६ जानेवारी
अकरा उत्तरं! सगळ्यांना एकच: बंद करून चालू करा. मी मुळाशी जातो. प्रश्न वाचायला वेळ झाला नाही.

९ जानेवारी
एका बाईंनी माझ्या उत्तरापुढे 'सोडवलं' अशी खूण केली. नंतर लिहिलं की त्यांच्याकडचे लाइट गेले होते, ते आले. असो. खूण ती खूण.

१३ जानेवारी
कुंदाला हळदीकुंकवाची यादी करायचीय. सेक्टरमधल्या बायकांच्या दोन याद्या, निम्मी नावं दोन्हींत. मला विचारलं. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. नावं तेवढीच. म्हटलं, कट्ट्यावर विचार, मी मोठ्या कामात आहे. बायकोने खरंच अकाउंट काढून विचारलं. हसू आलं.

१९ जानेवारी
यादी झाली. आता बाईसाहेब भाजी निवडता निवडता कट्ट्यावर दुसऱ्यांना उत्तरं देतात. पहिलं चुकलं, तेही सगळ्यांसमोर. 'माझं चुकलं, आता असं करून बघा' असं लिहून मोकळी. मी असतो तर उत्तरच उडवलं असतं. माणसाची काही प्रतिष्ठा असते.

२५ जानेवारी, रथसप्तमी
माझी उत्तरं १८४, खुणा १. कुंदाची उत्तरं २६, खुणा २१. म्हणजे मीच पुढे. कट्टा चालवणाऱ्या मुलुंडच्या अनुपमाताईंनी मला मेसेज केला: कृपया प्रश्न वाचून उत्तर द्यावे. दखल घेतली जातेय.
पूर्वी गॅसवाल्याशी फोनवर बोलतानाही अडखळणारी कुंदा आज अनुपमाताईंशी अर्धा तास बोलली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

२ फेब्रुवारी, सोमवार
टेस्ट. दोन गोदामांच्या याद्या, दोनदा आलेली नावं काढून एक यादी करायची. म्हणजे हळदीकुंकूच! वेळ वीस मिनिटं. डोकं बधिर झालं. कंपनीचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो अपडेट घेत बसला. तेवीस मिनिटं. निलेश काचेपलीकडे उभा होता, मग दिसला नाही.
घरी सांगितलं, मशीन खराब होतं. कुंदाने ताट वाढलं.

५ फेब्रुवारी
निलेश घरी आला. त्याच्या बायकोने यादीचं फार कौतुक केलं होतं म्हणे. कुंदाला म्हणाला, वहिनी, जागा रिकामीच आहे, तुम्ही देऊन बघता का टेस्ट? तिने माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो. म्हटलं, दे ना, अनुभव मिळेल. काही वाटलं नाही. पेपर कालचा होता.

९ फेब्रुवारी
तिने टेस्ट नऊ मिनिटांत संपवली. पुढच्या सोमवारपासून कामावर. मार्गदर्शन कोणाचं, हे मी बोललो नाही. पेढे मीच आणले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १.१०
घर शांत. कुंदा कुकर लावायचं सांगून गेलीय, तो लावलाय. कट्ट्यावर नवीन अकाउंट काढलं, 'नवशिका ५३' या नावाने. आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता. आज विचारला: दोन याद्यांची एक कशी करायची? पाच वेळा खोडून लिहिला. शेवटी हेही लिहिलं की बंद करून चालू करून पाहिलं आहे.

१.२४
उत्तर आलं. कुंदाचं. जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिलेलं. पाच पायऱ्या, माझ्यासारख्यालाही कळतील अशा. खाली: 'घाबरू नका, माझंही पहिलं चुकलं होतं. आणि कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या असतील, गॅस बंद करा. परत चालू करू नका.'
सहा झाल्या होत्या. बंद केला.
उत्तरापुढे 'सोडवलं' अशी खूण केली. आठ महिन्यांत पहिल्यांदा रडू आलं. डाळ खालून लागली होती, तशीच खाल्ली.