उताराला आडवी रेघ

प्रिय छकुले,

तुझ्या आजीला काही झालेलं नाही, हे आधी वाच. काल सकाळी तिची चाकाची खुर्ची माझ्या हातून सुटली आणि अंगणाच्या उतारावरून थेट कुंपणाच्या झुडपांत शिरली. कोपराला खरचटलं, तेवढंच. मला मात्र डोळे मिटले की खुर्चीची पाठ लांब जाताना दिसते.

सुट्टीत तू अंगणात रंगाने आखून दिलेल्या रेघेवरूनच चाललो होतो. तू ग्रेडियंट, म्हणजे चढाचा बाण, समजावलास तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. रोज खुर्ची ढकलताना थोडं थोडं कळत गेलं. प्रत्येक जागी सगळ्यात उभ्या चढाकडे एक बाण असतो. त्याला काटकोनात गेलं की ना चढ ना उतार, आणि मधल्या दिशेने गेलं तर मधलाच चढ. नळापाशी बाण फिरतो म्हणून तुझी रेघही तिथे वळते. आजी म्हणते, नातीने रूळ टाकून दिलेत, आता इंजिनाने कुरकुर करू नये. इंजिन म्हणजे मी.

शेजारचा गवंडी धावत आला आणि रेघ बघून म्हणाला, पोरीचं गणित चुकलं असणार. तुझ्या आईनेही फोनवर तुला तेच ऐकवलं आणि तू रडलीस म्हणे. रडू नकोस बाळा. रेघ बरोबर आहे. रेघेवर उतार नाही, पण बाजूला तो आहेच, आणि खुर्चीचं तोंड सारखं तिकडे ओढतो. खालच्या बाजूच्या हाताने जरा जास्त रेटलं की ती सरळ जाते. हे मला सवयीचं झालं होतं.

काल तो हात मध्येच माझा राहिला नाही. मी खुर्ची सोडली नाही गं. धरलीय असंच मला वाटत होतं, आणि ती समोर वळून चालली होती. आजी ओरडलीसुद्धा नाही. तिला वाटलं, आज स्वारी रंगात आहे.

हे घरात कुणालाच ठाऊक नाही. फोन आजीच्या उशाशी असतो, तिला सगळं ऐकू जाईल, म्हणून हे डाव्या हाताने लिहितोय. उजव्यात पेन राहत नाही. गवंडी आज तुझ्या गावी कामाला येतोय, त्याच्या हाती देतो. परतताना त्याच्याबरोबरच ये आणि मला डॉक्टरकडे ने. आजीला उद्या पुन्हा बाहेर जायचंय. मी गुपचूप चाकांतली हवा काढून ठेवलीय. ती सकाळपासून पंप मागतेय.

तुझाच,
आबा