मी ऐकून घेणार

४ जानेवारी, सोमवार
आज ऑफिसात सगळ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी झाली. निकाल: मी आदर्शवादी. संवेदनशील, समजूतदार, उत्तम श्रोता, अर्थपूर्ण कामाची ओढ असलेला. असा माणूस शंभरात एखादाच निघतो म्हणे. शेजारच्या टेबलावरचा घोरपड (खुर्चीला चिकटला की सुटत नाही, म्हणून घोरपड) तोही आदर्शवादी निघाला. त्याने माझं बघून खुणा केल्या असणार.

अर्ध्याहून जास्त आयुष्य आवक-जावकच्या टेबलावर लिफाफ्यांना शिक्के मारण्यात गेलं. शंभरात एखादा निघणाऱ्या माणसाचं हे काम आहे का? साहेबांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, ओढ असू द्या, आधी आजचं टपाल लावा. तळपायाची आग मस्तकात गेली. टपाल लावलं.

घरी सौ.ला निकाल वाचून दाखवला. 'उत्तम श्रोता' ऐकल्यावर तिचा भाजी चिरायचा हात थांबला. पुन्हा वाचा म्हणाली. दोनदा वाचलं. ती बराच वेळ हसत होती. आनंदाने असावं.

५ जानेवारी
कन्या हल्ली माझ्याशी बोलत नाही. लहान असताना दात हलला तरी आधी मला येऊन सांगायची. आता नुसतं हो, नाही, जेवले. सौ.ला कारण विचारलं. ती म्हणते, तुम्ही तिला एक वाक्य पुरं करू देत नाही. साफ खोटं. ते कसं खोटं आहे हे तिला जेवण गार होईपर्यंत समजावून सांगितलं.

निश्चय: नोकरी सांभाळून ऐकण्याचं काम करायचं. गावात एक संस्था आहे. एकटी पडलेली माणसं तिथे फोन करून मन मोकळं करतात. तिथे शास्त्रशुद्ध शिकतो, मग कन्या आपणहून येऊन बोलेल. बोलायलाच हवी. तिची बडबड मला परत हवी आहे.

९ जानेवारी, शनिवार
संस्थेत पहिला दिवस. शिकवणारी माझ्यापेक्षा चांगली पंधरा वर्षांनी लहान, पण तिला ताई म्हणायचं. ठीक आहे. नियम असा: समोरचा बोलत असताना फक्त 'हं' म्हणायचं. सल्ला द्यायचा नाही. स्वतःचे अनुभव सांगायचे नाहीत. मग आदर्शवादी माणूस हवा कशाला? 'हं' तर म्हैससुद्धा म्हणेल. मी तसं उभं राहून बोलून दाखवलं, सविस्तर. माझं संपल्यावर सगळा वर्ग एका सुरात 'हं' म्हणाला. मूर्खांचा बाजार.

१० जानेवारी, रविवार
सकाळी कन्या चहा घेऊन आली. तुमच्याशी बोलायचंय म्हणाली. संधी चालून आली. पेपर बाजूला ठेवला, चष्मा काढला, 'हं' म्हणालो. अगदी ताईंनी शिकवलं तसं. ती म्हणाली, हिशेबाच्या ऑफिसात मला कोंडल्यासारखं होतं. कोंडल्यासारखं! या विषयावर माझ्याइतका अधिकार कोणाचा आहे? तिला धीर यावा म्हणून आवक-जावकचा सगळा इतिहास सांगितला, साहेबांसकट. सांगून झाला तेव्हा चहावर साय आली होती आणि समोर कोणी नव्हतं. हल्लीच्या पोरांना दम म्हणून नाही.

१६ जानेवारी, शनिवार
पहिला खरा फोन. ताई शेजारी बसून ऐकत होत्या. पलीकडे एक म्हातारे शिंपी. बायको गेल्यापासून घर खायला उठतं म्हणाले. 'हं' म्हणालो. मग ते बायकोच्या शिलाई मशीनबद्दल बोलायला लागले. ती मशीनला तेल कसं घालायची, कुठलं फडकं वापरायची. मूळ विषय राहिला बाजूला. मी दोनदा कळ काढली. तिसऱ्यांदा म्हणालो, आजोबा, मुद्द्यावर या. आणि त्यांना दिवसाची आखणी करून दिली. पहाटे उठणे, फिरायला जाणे, मशीन विकून टाकणे. त्यांनी फोन ठेवला. प्रश्न सुटल्यावर माणूस फोन ठेवतोच.

ताईंचं मत वेगळं पडलं. त्यांनी नंतर त्या आजोबांना स्वतः फोन केला. माझ्या कामात ही ढवळाढवळ मला अजिबात खपलेली नाही.

२३ जानेवारी, शनिवार
बढती. आता मी फोन घ्यायचे नाहीत. नवीन मुलांना सराव हवा, त्यासाठी मी शेजारच्या खोलीतून दुःखी माणूस म्हणून त्यांना फोन करायचा. ताई म्हणाल्या, तुमचं ऐकता आलं तर त्यांना कुणाचंही ऐकता येईल. शेवटी गुण कळले. 'आमचे साहेब' या विषयावर दुपारभर बोललो. एक मुलगा संस्था सोडून गेला. हे काम येरागबाळ्याचं नव्हे.

२७ जानेवारी
संताप, संताप, संताप. कन्येने नोकरी सोडली. लांबच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात काम घेतलंय. शनिवारी निघणार. सौ.ला माहीत, शेजाऱ्यांना माहीत, घोरपडीलासुद्धा माहीत. मला कोणी सांगितलं नाही. सौ. म्हणते, ती तुम्हाला सांगायला चार वेळा आली होती. आली असेल. सांगितलं का?

कन्येला समोर बसवलं. विचारलं, चांगली नोकरी सोडून कुत्र्यांना इंजेक्शनं द्यायची? ती म्हणाली, जनावरांजवळ मला बरं वाटतं. मी म्हणालो, बरं वाटावं म्हणून कोणी नोकरी करतं का? ती काहीतरी सांगायला लागली, एका कुत्रीला टाके घालत होते आणि हिने तिचा पंजा धरला होता, असं काहीसं. मी म्हणालो, विषय कुत्रीचा नाही. ती उठून गेली. अर्थपूर्ण काम या विषयातला जाणकार घरात बसलेला असताना त्याला विचारावंसं वाटू नये?

३० जानेवारी, शनिवार
सौ. आणि मी कन्येला बस स्टँडवर सोडायला गेलो. ठरवूनच गेलो होतो, तोंड उघडायचं नाही. रिक्षात गप्प. फलाटावर गप्प. जमलं. कन्या सारखी माझ्याकडे बघत होती. बस लागली तेव्हा माझा हात धरला आणि म्हणाली, बाबा, एक सांगू? तेवढ्यात कंडक्टरने कोणाची तरी लोखंडी ट्रंक तिच्या बॅगेवर आदळली. कोणीतरी बोलायला नको? त्याला चांगला फैलावर घेतला. वळून बघतो तर बसचं दार लागलेलं. काचेतून हात हलवत होती. बहुधा सौ.कडे बघून.

काय सांगायचं होतं कोण जाणे. घरी येईपर्यंत त्या कंडक्टरला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

३१ जानेवारी, रविवार
दुपारी कन्येचा फोन. मीच उचलला. बस वेळेवर पोचली का विचारलं, वरिष्ठांशी कसं वागायचं ते सांगितलं, चावऱ्या कुत्र्यांपासून लांब राहायला बजावलं. चांगलं बोलणं झालं. मग ती म्हणाली, बाबा, आईला द्या ना.

सौ. फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावलं. मी बाहेर बसलोय. अर्धा तास होऊन गेला, आतून हूं नाही की चूं नाही. फोन कट झाला असणार. दार ढकलून सांगायला गेलो. सौ. पलंगाच्या कडेला बसली होती, फोन कानाला, डोळे भरलेले. मला बघून हातानेच जा म्हणाली. मी बाहेर आलो. तिने पुन्हा दार लावलं.

अजून आवाज नाही. फोन केव्हाच कट झालाय आणि हिला पत्तासुद्धा नाही.