फक्त जवळचे

दि. ३, सोमवार. सकाळी ८.१०
घशाच्या डॉक्टरांना माझ्या स्वरयंत्रावर 'काहीतरी बारीक' दिसले आहे. दुर्बिणीची तपासणी गुरुवारी, दि. ६. तोपर्यंत आवाजाची रोज नोंद ठेवायची आहे. कागदी वही सौ.च्या हाती लागेल. म्हणून नोंद मेव्हण्याने दिलेल्या नव्या फोनमध्ये. सौ.ला इतक्यात काहीही सांगायचे नाही. ती घाबरेल. मी घाबरलेलो नाही.
आवाज: प्रमाणित. नाडी: ९६. (चहामुळे.)

दुपारी १.३०
फोनने स्वतःचे नाव विचारले. 'माझा फोन' असे दिले. अचूक. पुढचा प्रश्न: परिस्थिती ओळखून नवीन नोंदी आपोआप कोणाला पाठवाव्यात? पर्याय तीन: सर्व, जवळचे, कोणीही नाही. 'सर्व' हा शुद्ध वेडेपणा. 'कोणीही नाही' निवडणे फोनसमोरसुद्धा उद्धट वाटले. 'जवळचे' निवडले. सौ. वगळता माझ्या जवळचे असे कोणी नाही, आणि सौ. फोन फक्त उचलण्यापुरता वापरते. गुप्तता पूर्ण. वजनमापे तपासणी विभागात सत्तावीस वर्षे काढलेला माणूस पर्यायसुद्धा तोलूनच निवडतो.

दि. ४, मंगळवार
विभागात पाऊल टाकताच फोनवर अक्षरे उमटली: 'कार्यालय ओळखले. ११ साधने सापडली.' घाम फुटला. याला कार्यालय कोणी दाखवले? मग लक्षात आले की आमच्याकडे काटे आणि वजने मिळून सत्तर साधने आहेत. म्हणजे फोनला मोजता येत नाही. जीव भांड्यात पडला.
दुय्यम निरीक्षकाने पाच किलोचे प्रमाण-वजन उघड्या हाताने उचलले. हाताच्या घामाने वजनात फरक पडतो. शांतपणे समज दिली. हा ठेंगणा गृहस्थ माझ्या खुर्चीवर टपून आहे. मनात मी त्याला 'पावशेर' म्हणतो. तोंडाने कधीही नाही.
आवाज: किंचित घोगरा. (पंख्यामुळे.)

दि. ५, बुधवार
आज सगळेजण वजने चिमट्याने उचलत होते. पावशेर आपणहून म्हणाला, "साहेब, मला तुमची खुर्ची नकोय हो. तिचं एक चाक मोडलंय." खुर्चीविषयी मी चकार शब्द काढला नव्हता. माझ्या नजरेतूनच त्याला कळले असणार. यालाच अधिकार म्हणतात.
आवाज: कालच्यासारखाच, परंतु कमी.

दि. ६, गुरुवार
तपासणीस जाता आले नाही. जुन्या काट्यांची फेरतपासणी अचानक निघाली. (मीच काढली.) नवी तारीख १३.
संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बायकोपासून लपवू नये हो. सांगून टाका एकदाचं." पायाखालची पायरी सरकली. मी नाकासमोर चालणारा मनुष्य. लपवण्यासारखे माझ्याकडे काहीही नाही. (गाठ वगळता.) मास्तरांना भलताच संशय आला असावा. उद्यापासून मागचा जिना.

दि. ७, शुक्रवार
टायपिस्ट बाईंनी टेबलावर मधाचे कोमट पाणी ठेवले. कार्यालयात भेट स्वीकारण्यास मनाई आहे. परत पाठवले. बाई म्हणाल्या, "भेट नाही साहेब, औषध आहे. औषधाला कुठला नियम लागतो?" नियमावली पाहिली. लागत नाही. प्यायलो. पण औषध कशाचे, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही.
फोन माझे बोलणे कोणाला तरी कळवत असावा. उपाय: यापुढे फोन स्टीलच्या डब्यात. केवळ नोंद लिहिण्यापुरता बाहेर काढायचा.
आवाज: डब्यातून आल्यासारखा.

दि. १३, गुरुवार
सकाळी लिफ्टमनने दार अडवले. "साहेब, आज लिफ्ट वर जात नाही." खाली येणाऱ्यांना मात्र तो घेऊन येत होता. तसे निदर्शनास आणले, तर म्हणतो, "तुमच्यासाठी फक्त बाहेर जाते." पाच मजले चढून गेलो. वर पावशेर हातात माझी छत्री घेऊन उभा. "गुरुवार उजाडला साहेब. रिक्षा बोलावू? विभाग मी बघतो." गुरुवारचे याला कसे ठाऊक? पाऊण तास शांतपणे समज दिली.
तपासणीस जाता आले नाही. पुढची तारीख २०.
आवाज: नोंदवण्याइतका नाही.

दि. १६, रविवार
लग्न झाल्यापासून बाहेरून आलो की दारातूनच विचारतो, "आहेस का?" ती आतून म्हणते, "कुठे जाणार?" आज विचारले, तर नुसती हवा बाहेर आली. ती स्वयंपाकघरात होती. काही कळले नाही. मी चपला हातात घेऊन दारात उभा राहिलो. आवाज कायमचा गेला, तर हा प्रश्न विचारायचा कसा?
नाडी मोजली नाही.

दि. १७, सोमवार
लिफ्टमनने एक छोटी पितळी घंटा हातात ठेवली. "घरी गेल्यावर वाजवायची, साहेब." कारण सांगेना, डोळे मात्र पुसत होता. या विभागात काहीतरी शिजते आहे. घंटेचे वजन केले: ४० ग्रॅम. खिशात ठेवली. भीती वाटते. (घंटेची.)

दि. २०, गुरुवार. सकाळी ११.१५, दवाखाना
सौ.ला 'दात दाखवायला जातो' असे कागदावर लिहून दिले होते. ती म्हणाली, "आवाज बसलाय, हातवारे करून भलताच दात उपटून घ्याल," आणि बरोबर निघाली. दारात 'कान, नाक, घसा' अशी पाटी. तिने पाटी वाचली. मग माझ्याकडे पाहिले. सत्तावीस वर्षांत इतका घाबरलो नव्हतो.
बाकावर बसून फोनवर लिहिले: 'घशात गाठ आहे. सतरा दिवस मी भीतीने अर्धा झालो आहे. तुला सांगायला हवे होते.' शेजारीच ती. हिच्यापेक्षा जवळचे कोण? पाठवले.
खोलीतले चौदा फोन एकदम वाजले.
समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी आपला फोन वाचला आणि हात वर केला. "आम्ही पण घाबरलोय हो, बाबा." कोपऱ्यातल्या गृहस्थांनीही मान डोलावली.
सौ.ने पर्समधून फोन काढून 'नको' दाबले. "रोज येतंय मेलं. 'माझा फोन रोजनिशी पाठवू इच्छितो.' कुणाची तरी खासगी वही असणार. दुसऱ्याचं वाचू नये."
लिफ्ट. विभाग. जिना. मास्तरांच्या छताला लागून आमची जमीन. गेले सतरा दिवस माझ्यापासून दहा पावलांत कोण कोण होते, ते एकेक डोळ्यांसमोर आले. कान तापले.
तिच्या फोनवर मीच 'हो' दाबले आणि आत गेलो.

दुपारी ४.४०, घर
गाठ साधी. घट्टा पडतो तशी. डॉक्टरांनी विचारले, "कामावर फार ओरडावं लागतं का?" मी मान आडवी हलवली. सौ.ने उभी. तीन आठवडे बोलण्यास सक्त मनाई.
रिक्षात ती सगळे वाचत होती. दोनदा हसली. मग हसली नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, "इथं लिहिलंय, माझ्याशिवाय तुमच्या जवळचं कुणी नाही. खरं ना?" मी मान उभी हलवली. "मग मलाच तेवढं कसं कळलं नाही हो?"
उत्तर लिहायला घेतले. तीनदा पुसले.
ती पुढे आत गेली. मी दारातच थांबलो. मग खिशातली घंटा काढून वाजवली. पुन्हा वाजवली. मग आतून: "कुठे जाणार?"

सायं. ६.०५
आवाज: बंद. (वैद्यकीय आदेशाने.) सेटिंग बदलून 'कोणीही नाही' करायला गेलो, तोच दुय्यम निरीक्षकाचा संदेश:
'साहेब, आज नोंद आली नाही. सुटी होऊन तास झाला, सगळा विभाग अजून बसून आहे. काय निघालं ते कळवा.'
कळवले: 'साधी गाठ. कारण: ओरडणे.'
उत्तर लगेच आले: 'कारण आम्हाला माहीत होतं, साहेब. आपला, पावशेर.'