मधल्या खोलीतली खरखर

३ जानेवारी १९७६
सकाळच्या एस.टी.नं नरखेडहून आलो. सोबत हत्यारांची पेटी आणि संत्र्यांची पिशवी. नंदनवन वस्तीत खोली छान मिळाली, खिडकीतून ऊन येतं. घरमालकीण गोपिकाकाकू एकट्याच. यजमान गिरिधरराव तीन वर्षांपूर्वी वारले. पोटभर झुणका-भाकर वाढली. सोमवारपासून गांधीबागेत मनोहररावांच्या दुकानात रेडिओ दुरुस्ती.

८ जानेवारी
दिवसभर तारांना कथलाचे डाग देऊन धुरानं डोळे चुरचुरतात. घरी आलो तर काकूंचा रेडिओ खरखरतोय. शेजारच्या गिरणीची मोटार असेल म्हटलं. पण आज गिरणी बंद. घराचा मेन स्विच काढला, तरी माझ्या सेलवरच्या ट्रान्झिस्टरवर तीच खरखर. तो हळूहळू फिरवला. एका रोखाला आवाज पडतो, बारीक होतो; खरखरीचं मूळ त्याच रेषेत असतं. रेष मधल्या खोलीवर गेली. शेजारच्या यमुताईंच्या अंगणातून फिरवून पाहिला, तरी रेष त्याच खोलीवर. तिला बाहेरून कडी.

११ जानेवारी
त्या खरखरीमध्ये शब्द ऐकू येतात. थकव्यानं भास होतो असं धरून चाललो होतो. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दार उघड म्हणून राहिले ते."
मग सगळं सांगितलं. गिरिधरराव तापात बरळत रस्त्यावर पळायचे. एका दुपारी काकूंनी त्यांना मधल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली आणि दळण आणायला गेल्या. आल्या तर ते आत दाराशी मरून पडलेले.
"मीबी माणूसच आहो गा. थकली होती."
कडी मी काढली. आत रिकामी खाट. खरखर थांबली. काकू खूप वेळ रडल्या.

१३ जानेवारी
दुकानात हात लावीन तो संच खरखरतो. मनोहररावांनी झोप घ्या म्हणून घरी पाठवलं. ट्रान्झिस्टर कसाही फिरवला तरी आवाज पडत नाही. मूळ अगदी अंगाशी असलं की असं होतं.

१४ जानेवारी
सेल काढले. तरी—
काकूंनी तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोलायचं म्हणून तोंड उघडलं. खरखर. वाटी त्यांच्या हातून पडली.

१५ जानेवारी
बोलता येत नाही. काकू पायाशी बसून आहेत — मले माफ केलं म्हणा, एवढंच म्हणतात. दमलो. याच पानावर लिहून देतो. त्या तरी सुटतील.
माफ के
काहून लावली होती कडी, गोपि—